अनुभवाला गुण किती?

"भाऊजी, बावीस वर्षांच्या स्वयंपाकाला तुमच्या विद्यापीठात किती गुण मिळतात हो?"

हा प्रश्न माझ्या वहिनींनी मला २०१३ सालच्या दिवाळीत विचारला. धनत्रयोदशीची दुपार होती. आम्ही सहकुटुंब सांगलीच्या घरी गेलो होतो. एरवी वहिनींना मान वर करायला फुरसत नसते. परंतु दिवाळीत त्यांच्या मेसचे मेंबर, म्हणजे कॉलेजात शिकणारी साठ-सत्तर मुले, आपापल्या गावी जातात आणि वर्षातून ते आठ-दहा दिवसच काय ते त्यांच्या स्वयंपाकघरात घरच्या माणसांना बसायला जागा मिळते. आम्ही बेसनाचे लाडू करीत होतो. म्हणजे वहिनी लाडू वळीत होत्या आणि मी त्यांवर बेदाणे लावीत होतो.

मी त्या वेळी पुण्याच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. अशा माणसाला कोणताही प्रश्न विचारला की उत्तर तयार असते. मी हसून म्हणालो, "शून्य! आणि वहिनी, या वयात पदवी घेऊन करायचंय काय तुम्हांला?"

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचा लाडू वळायला घेतला. माझ्या पत्नीने मात्र माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की हातातला बेदाणा हातातच राहिला.

त्या प्रश्नामागची हकीकत मला नंतर कळली. वहिनींचे लग्न झाले ते १९८४ च्या मे महिन्यात. बी. ए. ची दोन वर्षे झाली होती, तिसरे राहिले होते. "लग्नानंतर पूर्ण करू" असे दोन्ही घरच्या वडीलमंडळींनी ठरविले होते. आणि अशा ठरावांचे जे होते तेच त्याचे झाले. पुढे १९९१ मध्ये दादांची नोकरी सुटली. घरात दोन लहान मुले. वहिनींनी शेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना जेवायला घालायला सुरुवात केली. चाराचे चौदा झाले, चौदाचे चाळीस झाले. त्या मेसवर दोन मुलांची शिक्षणे झाली, घरावर मजला चढला. मुले मार्गी लागल्यावर त्या एक दिवस कोणाला न सांगता आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या आणि राहिलेले एक वर्ष पुरे करता येईल का, असे विचारून आल्या. खिडकीतल्या कारकुनाने सांगितले, "बाई, तो अभ्यासक्रमच आता राहिला नाही. पहिल्या वर्षापासून यावं लागेल."

"मग ती दोन वर्षं गेली कुठं?" असे वहिनींनी त्याला विचारले. तो बिचारा काय सांगणार! तोच प्रश्न त्यांनी वेगळ्या शब्दांत मला विचारला, आणि मी कारकुनाहूनही तुटक उत्तर दिले.

माझ्या त्या उत्तरात दोन भाग होते आणि दोन्ही चुकीचे होते. कसे, ते सांगायला मला पुष्कळ वर्षे लागली. आज तेच सांगावयाचे आहे.

आधी दुसरा भाग घेऊ : या वयात पदवी कशाला?

पदवी म्हणजे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही, कारण बहुतेकांना ती वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी मिळते आणि त्या वयात तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. ती नोकरीच्या दारावरचा परवाना असते. आपल्याला अमुक विषय समजतो, याचा दाखला असते. आणि चारचौघांत मिळालेला मान असते. तरुणपणी परवान्याची गरज इतकी मोठी असते की बाकीच्या दोन गोष्टी तिच्या आड जातात. पन्नाशीच्या बाईला परवान्याचे काम नाही. मानाचे म्हणावे तर साठ मुले तिला रोज "काकू" म्हणून हाक मारतात. ह्याहून मोठा मान विद्यापीठ तिला काय देणार? मग उरते ती तिसरी गोष्ट : आपल्याला जे कळले आहे ते खरोखरीच कळले आहे का, ते कोणी तरी तपासून पाहावे, ही इच्छा. पदवीचा मूळ हेतू तोच होता. उशिरा शिकायला येणारा मनुष्य तेवढाच हेतू मनात धरून येतो. त्याला "कशाला?" असे विचारणे म्हणजे देवळात निव्वळ दर्शनासाठी आलेल्या माणसाला "इथे प्रसाद संपला आहे, आता आलात कशाला?" असे विचारण्यासारखे आहे.

नेल्सन मंडेला यांनी १९४३ साली जोहान्सबर्गच्या विद्यापीठात कायद्याच्या पदवीचा अभ्यास सुरू केला आणि ती पदवी हाती न पडताच ते तेथून बाहेर पडले. पुढे ते वकिली करू लागले, चळवळीत पडले, सत्तावीस वर्षे तुरुंगात राहिले. तुरुंगात टपालाने अभ्यास करीत अखेर १९८९ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या वर होते आणि ते अजून बंदिवासातच होते. त्या पदवीवाचून त्यांचे काय अडले होते? अडले काहीच नव्हते. तरीही अर्धे राहिलेले काम पुरे करावे असे त्यांना वाटले. माणसाच्या ह्या वाटण्याला वयाचा हिशेब लावता येत नाही.

आता माझ्या उत्तराचा पहिला भाग : शून्य.

येथे प्रश्न अधिक बिकट होतो. विद्येच्या दारावर आजवर तीन अडसर होते आणि ते एकामागून एक काढले गेले, असे इतिहास सांगतो. पहिला अडसर जागेचा आणि वेळेचा. दिवसा राबणाऱ्याने दिवसा भरणाऱ्या शाळेत जायचे कसे? महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, तेव्हा हा अडसर आपल्याकडे प्रथम सरकला. तिकडे लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा कोणत्याही कॉलेजात न गेलेल्या माणसालाही खुल्या केल्या. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आणि तेही लंडनच्याच नमुन्यावर उभारलेले. परंतु हा एक धडा आपण पुष्कळ उशिरा गिरविला.

दुसरा अडसर आधीच्या दाखल्याचा. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेज नाही, आणि मॅट्रिकच्या वयात तर घरची गुरे राखायची होती! इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. आधी काय शिकलात, असे तेथे कोणी विचारीत नसे. आपल्याकडे आंध्रात १९८२ मध्ये, दिल्लीला १९८५ मध्ये आणि नाशिकला १९८९ मध्ये तशी विद्यापीठे निघाली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन उभे राहिले. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढालाही पूर्वतयारीची एक परीक्षा देऊन तेथे पदवीच्या वर्गात पाऊल टाकण्याची वाट ठेवण्यात आली. ह्या एका सोयीने किती स्वयंपाकघरांत आणि किती कारखान्यांच्या फाटकाबाहेर पुस्तके उघडली गेली असतील, त्याची मोजदाद करणे कठीण आहे.

तिसरा अडसर मात्र कोणाच्या फारसा ध्यानातच आला नव्हता. तो अभ्यासक्रमाचाच. अठरा वर्षांच्या मुलाला काही ठाऊक नाही असे धरून आखलेला अभ्यास अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसापुढे जसाच्या तसा ठेवायचा, ह्यात काही विसंगती आहे, असे कोणाला वाटत नसे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९७१ मध्ये नोकरी-संसार करणाऱ्या प्रौढांसाठी एम्पायर स्टेट कॉलेज काढले, ते ह्याच विसंगतीवर बोट ठेवून. तेथे विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक मिळतो. ते दोघे समोरासमोर बसून ठरवितात, की ह्या माणसाला काय येते, काय यायला हवे आणि त्याची पदवी कशाची बनावी. आधी दुसरीकडे केलेला अभ्यास जमेस धरतात. इतकेच नव्हे, तर कामधंद्यातून आलेली विद्याही जाणकारांकडून तपासून घेऊन तिला श्रेयांक, म्हणजे पदवीच्या खात्यावर जमा होणारे अभ्यासाचे माप, देतात. जणू तयार कपड्यांच्या दुकानातून उठून शिंप्याकडे जावे, आणि त्याने अंगाचे माप घेऊन, घरून आणलेले कापड वापरून अंगरखा शिवून द्यावा!

आपल्याकडेही हे वारे आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यास मध्येच सोडण्याची आणि पुन्हा येऊन मिळण्याची सोय मांडली : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. २०२१ मध्ये श्रेयांकांची एक पेढीच निघाली. तीत मिळविलेले श्रेयांक ठेवीसारखे जमा राहतात. २०२३ च्या श्रेयांक आराखड्याने अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही जागा दिली. वहिनी आज वीस वर्षांच्या असत्या, तर दोन वर्षांच्या बदल्यात पदविकेचा कागद तरी हाती घेऊन त्या बोहल्यावर चढल्या असत्या.

परंतु पेढीच्या त्या नियमांत ठेवीला मुदत आहे. जास्तीत जास्त सात वर्षांची. म्हणजे जिचा संसार सात वर्षांत आटोपला नाही, तिची ठेव बुडाली! नियम करणारांचे म्हणणे मला समजते. काही विषय लवकर जुने होतात. तीस वर्षांपूर्वीचे यंत्रशास्त्र घेऊन आज कोणी पूल बांधू नये. तरीही प्रश्न उरतोच : विद्या शिळी होते का? रोज वापरात असलेली विद्या शिळी होते, की मुरते? आंबोळीचे पीठ आणि लोणचे ह्यांना एकच मुदत कशी चालेल?

इथपर्यंत आल्यावर वाचकांना वाटेल, की मी आता वहिनींच्या बावीस वर्षांना पैकीच्या पैकी गुण द्या असे म्हणणार. तसे म्हणायला मनाला बरेही वाटते. आपल्या महाराष्ट्रात तर त्यासाठी दोन जबरदस्त दाखले आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे. गाडगेबाबांनी शाळा पाहिली नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मुलाने व भाच्याने टिपून ठेवली, ती त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये छापली गेली आणि आज पदवीचे विद्यार्थी त्यांवर प्रश्नोत्तरे लिहितात. ज्यांना आमच्या परीक्षेला बसू दिले नसते, त्यांच्या नावाचे शिक्के मारून आम्ही पदव्या वाटतो. ह्यात एक प्रकारचे प्रायश्चित्त आहे, आणि ते योग्यच आहे.

पण येथेच सावध व्हायला हवे. गाडगेबाबा आणि बहिणाबाई जगले म्हणून थोर झाले, असे नव्हे, जगतात सगळेच. ते जगण्याकडे टक लावून पाहत होते. अनुभव नुसता आला म्हणजे ज्ञान झाले, असे धरले तर प्रत्येक म्हातारा मनुष्य शहाणा व्हायला हवा होता. आणि तसे नसते, हे तुम्हांआम्हांला घरोघरी ठाऊक आहे. अनुभव माणसाला शिकवितो तसा निबरही करतो. त्याच त्या गोष्टीची सवय झाली की ती गोष्ट दिसेनाशी होते. शिवाय अनुभवाला गुण देण्याच्या ह्या कल्पनेचा बाजारही झाला आहे. 'तुमच्या आयुष्याच्या अनुभवावर पदवी' असे सांगून पैसे घेऊन कागद देणारी दुकाने अमेरिकेतच निघाली. म्हणून तेथल्या जबाबदार लोकांनी एक तत्त्व घालून दिले, की श्रेयांक द्यायचे ते अनुभवाला नव्हे, तर त्या अनुभवातून जे शिकले गेले त्याला.

हे वाक्य वाचायला सोपे आहे. त्याचा अर्थ मला वहिनींनी शिकविला.

माझ्या 'शून्या'नंतर आठ महिन्यांनी, २०१४ च्या पावसाळ्यात, त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे बी. ए. ला नाव नोंदविले. पहिल्या वर्षापासून. पुस्तके घरी आली. अभ्यासकेंद्रात रविवारी सकाळी तास असत, आणि मेसमध्ये रविवारी सकाळी 'फीस्ट' असते, संध्याकाळी सुट्टी. बावीस वर्षांत वहिनींनी एकही फीस्ट दुसऱ्यावर सोपविली नव्हती. आता मसालेभाताची जबाबदारी दादांवर आली. दादा हिशेबी मनुष्य. ते मुलांना भातही हिशेबाने वाढीत, म्हणून पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या. एका माणसाला शिकायचे असले की घरातल्या सगळ्यांना काही ना काही शिकावे लागते!

वहिनींना पहिल्या वर्षी अर्थशास्त्राने गोडी लावली. त्याला कारण होते. मेस सुरू झाल्यापासून त्या एक वही ठेवीत. तिला त्या 'शिल्लक वही' म्हणत. रोज रात्री किती चपात्या उरल्या, किती भात गेला, किती ताटे झाली, ह्याची नोंद. परीक्षेच्या दिवसांत मुले भात कमी खातात, पाऊस लागला की आमटी जास्त जाते, सोमवारी सकाळी गावाहून परतलेली मुले डब्यातले खाऊन येतात, हे सगळे त्या वहीत होते. पुस्तकात मागणीच्या लवचीकतेचे प्रकरण आले, तेव्हा त्यांचा मला फोन आला.

"भाऊजी, मी एकदा जानेवारीत दर वाढवला तर एकही पोरगा गेला नाही. पुढं एकदा जूनमध्ये वाढवला तर निम्मे गेले. मी आपली म्हणायची, नशीब! याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. जानेवारीत पोरं जाणार कुठं? बाकीच्या मेस भरलेल्या. जूनमध्ये सगळी दारं उघडी."

नाव कळल्याने काय झाले? नशीब म्हणून जे अंगाला चिकटलेले होते, ते अंगापासून सुटे होऊन समोर ठेवता आले. ज्ञान ह्या शब्दाचा एवढाच अर्थ मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. पण तो असा जिवंत मी तोवर पाहिला नव्हता. त्या प्रकरणापुरते तरी वहिनींच्या अनुभवाला मी डोळे मिटून गुण दिले असते.

खरी गोष्ट दुसऱ्या वर्षी घडली. स्वाध्यायासाठी त्यांनी एका लहान व्यवसायाचा जमाखर्च घेतला; अर्थात स्वतःच्या मेसचा. बावीस-तेवीस वर्षांच्या वह्या होत्याच. दर कसे वाढले, डाळ-तेल-गॅस कसे महागले, हे त्यांनी व्यवस्थित मांडले. केंद्रात त्यांना शिकवायला एक तरुण प्राध्यापक होते. वहिनींच्या मुलाहून लहान. त्यांनी ते पान वाचून समासात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले : "चपात्या करणाऱ्यांचा वाटा कोणत्या वर्षी किती?"

मेसमध्ये चपात्या लाटायला तीन बायका येत. त्यांना पैसे शेकड्यावर मिळत. शंभर चपात्यांमागे इतके रुपये. वहिनी त्यांना घरच्यासारखे वागवीत, आजारपणात औषध देत, दर दिवाळीला साडी घेत. त्या रात्री वहिनींनी जुन्या वह्या काढून शेकड्याचा दर वर्षावर्षाने लिहून काढला. मेसचा दर अनेक पटींनी वाढला होता. डाळीचा भाव त्याच्या बरोबरीने चालला होता. शेकड्याचा दर मात्र साऱ्या वर्षांत दोनदाच हलला होता, आणि तोही थोडाथोडा.

रात्री अकरा वाजता फोन वाजला. मी समजूत घालायला गेलो. म्हणालो, "वहिनी, बाजारभावच तेवढा होता. सगळ्याच मेसवाल्या तेवढंच देतात."

त्या म्हणाल्या, "बाजारभाव ठरवतं कोण, भाऊजी? आम्हीच ना? त्या बायकांचा जानेवारी बाराही महिने असतो. त्यांना जून कधी येतच नाही. दर दिवाळीला मी साडी देत आले, आणि त्या साडीहून कितीतरी जास्त वर्षभर त्यांच्याकडूनच घेत आले."

माझ्या तर्कशास्त्राजवळ ह्याला उत्तर नव्हते. वहिनींनी पुढच्या महिन्यापासून शेकड्याचा दर वाढविला आणि जूनमध्ये मेसचा. काही मुले सोडून गेली. त्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, तो राहिला.

आता माझ्या प्रश्नाकडे परत येतो. समजा, २०१३ साली एखाद्या उदार विद्यापीठाने वहिनींच्या बावीस वर्षांना सरसकट गुण देऊन टाकले असते, तर काय झाले असते? मुलांना वेळेवर गरम जेवण घालणारी, हिशेब चोख ठेवणारी, उमेद न सोडणारी बाई म्हणून ते गुण योग्यच ठरले असते. पण त्या बावीस वर्षांत शेकड्याचा तो दरही होता. अनुभवाने त्यांना हेही शिकविले होते, की गरजू बाई कमी पैशांतही येते. त्या शिकण्यावरही विद्यापीठाचा शिक्का बसला असता. उलट, १९८४ साली वीस वर्षांच्या वहिनींनी तिसऱ्या वर्षात वेतनाचे प्रकरण वाचले असते तर त्यांना त्यात कदाचित साठ गुण मिळाले असते. आणि एक रात्रही त्यांची झोप उडाली नसती. पुस्तकाला अनुभव भेटला नसता तर ते कोरडे राहिले असते. अनुभवाला पुस्तक भेटले नसते तर तो आंधळा राहिला असता.

म्हणून माझे मत असे झाले आहे : अनुभवाला गुण अवश्य द्यावेत, त्याला शून्य म्हणणे हा अन्यायही आहे आणि अज्ञानही. परंतु ते गुण अनुभवाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी दिल्यानंतर द्यावेत. आणि ही उलटतपासणी कोणताही छापील अर्ज किंवा श्रेयांकांची पेढी करू शकत नाही. त्यासाठी समोर एक मनुष्य लागतो, जो विद्यार्थ्याची वही वाचतो आणि समासात नेमका एक प्रश्न लिहितो. प्रत्येकाच्या मापाने पदवी बेतायची, ह्याचा अर्थ आवडीचे विषय निवडण्याची मुभा एवढाच कोणी केला, तर शिंप्याचे दुकान थाटून माप घ्यायचे विसरल्यासारखे होईल. माप घेणारा हात महाग पडतो, हे खरे. हजारो विद्यार्थ्यांना असा मनुष्य कोठून मिळायचा, असे विचारणारे विचारतील. मुक्त शिक्षणाचे सारे यश पुढे ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे, असे मला वाटते.

नियमित वर्गात बसणाऱ्या मुलांवर ह्याने अन्याय होतो, असाही एक आक्षेप मी ऐकला आहे. आम्ही तीन वर्षे बाकावर बसलो आणि ह्यांना सूट का? पण बाकावर बसणे हा गुण कधीच नव्हता. शिकणे हा होता. माझ्यासारख्या नियमित शिकलेल्यांना तर उलट दिशेचा आक्षेप घ्यायला हवा. वहिनींच्या जगण्याला पुस्तकाने प्रश्न विचारला. माझ्या पुस्तकांना जगण्याने कधी प्रश्न विचारला? मी तीस वर्षे अनुमानाचे दोष शिकविले. एका उदाहरणावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढू नये, पुरावा पाहण्याआधी निकाल देऊ नये, असे किती फळ्यांवर लिहिले असेल! आणि माझ्याच घरच्या माणसाला बेदाणे लावता लावता, काही न विचारता, शून्य देऊन मोकळा झालो. माझ्या पदवीचा हा राहिलेला पेपर मी पन्नाशी उलटल्यावर दिला, आणि त्यात नापास झालो.

वहिनी २०१७ मध्ये बी. ए. झाल्या. त्या दिवाळीला आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. मला वाटले होते, प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेले असेल. ते शिल्लक वहीत ठेवलेले होते, कागद चुरगळू नये म्हणून. त्या वर्षी चपात्या करणाऱ्या तिघी बायकाही फराळाला आल्या होत्या. साड्या त्यांना मिळाल्याच, वहिनी म्हणाल्या, "आता ती भेट झाली."

लाडू वळायला बसलो तेव्हा तो जुना प्रश्न मला आठवला. बावीस वर्षांच्या स्वयंपाकाला किती गुण? खरे उत्तर मला अजूनही आकड्यात सांगता येणार नाही. पण त्या दुपारी मी काय म्हणायला हवे होते, ते आता मला ठाऊक आहे. मी म्हणायला हवे होते, "वहिनी, तुमची वही आणा पाहू. बघू तरी तीत काय लिहिलंय."

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. कदाचित ती लिहिलेली नसेल, नुसती कोणाच्या तरी डोक्यात असेल. दिवाळीत सगळी माणसे एकत्र येतात. एखाद्या दुपारी ती मागून पाहा.